धावपळीतली एक धाव



या अंकातील अभ्यासलेख नेहमीप्रमाणे फक्त मुलांसाठी नाही. तो घरी मोठ्याने वाचावा आणि आई-बाबांनीही ऐकावा, अशा हेतूने लिहिला आहे. विषय आहे धावण्याचा. पदक जिंकणाऱ्या खेळाडूंवर पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. येथे मात्र मुलांचे डबे, शेती-बागायत, दुकान, नोकरी आणि घरातील वडीलधाऱ्यांची सेवा हे सारे सांभाळून आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास धावणाऱ्या किंवा धावू शकणाऱ्या आई-बाबांचा विचार करायचा आहे.

१. शब्दांपासून सुरुवात

पालकसभेला एखादे पालक येऊ शकले नाहीत, की कारण बहुधा एकच असते : "सर, फार धावपळ होती." हा शब्द नीट पाहा. धावणे आणि पळणे, दोन्ही त्यात आहेत. पण धावपळ करणारा माणूस खरोखर धावतो का? तो घाईत असतो, दमतो, त्याच्या डोक्याला ताण येतो. पण त्याच्या हृदयाला, फुप्फुसांना आणि पायांच्या स्नायूंना जो सलग व्यायाम हवा, तो त्याला मिळत नाही. दिवसभर धावपळ आणि एकही धाव नाही, अशी आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आहे.

आणखी एक गंमत पाहा. पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकल्यामुळे मला 'दौड़ना' हा शब्द माणसासाठी सहज वाटतो. मराठीत 'दौड' म्हटले की आधी घोडा आठवतो. माणसासाठी आपल्याकडे 'धावणे' आहे आणि 'पळणे' आहे. पण 'पळणे' म्हणजे भीतीने निघून जाणेही होते. म्हणूनच एखादी गृहिणी सकाळी रस्त्याने धावताना दिसली की लोक हसून विचारतात, "कोण मागे लागलंय गं?" या प्रश्नाचे साधे उत्तर असे : मागे कोणी लागलेले नाही. ती पळत नाही, ती धावते आहे.

२. मैलाचे दगड

पेडण्याहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तुम्ही किलोमीटरचे दगड पाहिले असतील. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरील हिरवा आणि ग्रामीण रस्त्यावरील नारिंगी. दगड प्रवास करत नाही. आपण किती आलो आणि किती राहिले, एवढेच तो सांगतो. तेवढ्यानेही प्रवाशाला हुरूप येतो.

मुलांच्या वाढीत आपण असे दगड काळजीपूर्वक मोजतो. मूल कधी बसले, कधी रांगले, कधी चालले, हे प्रत्येक आईला पाठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागतात. म्हणजे शेजारच्या बाळापेक्षा आपले बाळ तीन महिने उशिरा चालले, तर घाबरण्याचे कारण नसते. पुढे शाळेचा पहिला दिवस, पहिले बक्षीस, मुंज, दहावीचा निकाल असे दगड येत राहतात.

पण पालकांचे स्वतःचे दगड कोठे असतात? लग्न झाले, घर झाले, मुले झाली, की यादी संपते. त्यानंतर आई-बाबा फक्त मुलांचे दगड मोजतात. चाळिशीनंतर स्वतःच्या शरीराविषयी जे कळते, ते बहुधा रक्त तपासणीच्या कागदावर. मनोरंजनासाठी धावणाऱ्या माणसाला येथे काहीतरी नवे मिळते. पहिल्यांदा न थांबता पाच मिनिटे धावणे, पहिला पूर्ण किलोमीटर, पहिले ३, पहिले ५ किलोमीटर. पंचेचाळीसाव्या वर्षी एखादी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा करता येणे, हा आनंद लहान नाही. आणि आई-बाबा नवे काही शिकताना मुलांना दिसणे, हा मुलांसाठीही मोठा धडा आहे.

३. हा विषय आताच का?

हा छंद तर आहेच, पण आपल्या गोव्यापुरता तो त्याहून गंभीर विषय आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर मधुमेहाचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. राज्यांमध्ये सर्वांत वरचे प्रमाण गोव्याचे होते, २६.४ टक्के. म्हणजे प्रत्येक चार प्रौढांमागे एक, किंबहुना थोडे अधिकच. आता आपल्या वर्गातील चाळीस मुलांच्या आई-बाबांचा विचार करा. गणित मुलांनीच करावे. उत्तर आले की थोडा वेळ गप्प बसावेसे वाटेल.

याची कारणे आपल्यालाही दिसतात. आपले आजी-आजोबा पेज खाऊन शेतात जात, माडाला पाणी घालत, काजू गोळा करायला डोंगर चढत, मांद्र्याहून हरमलला किंवा मोरजीला पायी जात. आज शेजारच्या वाड्यावर जायलाही आपण स्कूटर काढतो. ताटातील भात मात्र तेवढाच राहिला.

धावल्याने नेमके काय होते? स्नायू काम करू लागले की त्यांना इंधन हवे असते. ते रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्या वेळी ही साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही स्नायूंत शिरू शकते. व्यायाम थांबल्यावरही स्नायूंची साखर घेण्याची ही वाढलेली क्षमता साधारण एक ते दोन दिवस टिकते. म्हणूनच रविवारी एकदाच दोन तास घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास अधिक उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा. हळूहळू धावणे जोरकस व्यायामात मोडते. ७५ मिनिटे म्हणजे २५ मिनिटांच्या तीन खेपा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी तर रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करायला हवी.

४. बारामतीच्या लताबाई

धावणाऱ्या आईचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. लता भगवान करे हे नाव महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. मूळ विदर्भातील हे कुटुंब पोट भरण्यासाठी बारामती परिसरात आले. मोलमजुरी करून त्यांनी मुलींची लग्ने केली. पुढे पती आजारी पडले. डॉक्टरांनी मोठी तपासणी सांगितली आणि तिच्यासाठी हातात पैसे नव्हते. २०१३ साली बारामतीत मॅरेथॉनच्या निमित्ताने ज्येष्ठांसाठी ३ किलोमीटरची धाव होती आणि पहिल्याला रोख बक्षीस होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी त्या धावेत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षांतही त्या धावल्या. त्यांच्या जीवनावर 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण धडा म्हणून ती वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली : कोणाही आजीवर पतीच्या तपासणीसाठी शर्यत जिंकण्याची वेळ यावी, ही समाजाने अभिमान बाळगण्याची बाब नाही. तिच्या धैर्याचा अभिमान बाळगावा, तिच्या नाइलाजाचा नव्हे. दुसरी : त्या वयात, सरावाशिवाय वाटणाऱ्या त्या धावेमागे जन्मभराचे कष्ट आणि चालणे होते. आपल्या सुखवस्तू घरांत तो साठा नाही. आजारपण दारात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते येऊ नये म्हणून आधीच थोडे धावावे, हे आपल्या हाती आहे.

५. बर्लिनमधील नऊवारी

दुसरे उदाहरण निव्वळ आनंदाने धावण्याचे आहे. १६ सप्टेंबर २०१८ रोजी जर्मनीतील बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या एलिउड किपचोगे यांनी २ तास १ मिनिट ३९ सेकंदांत अंतर पार करून जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावरून, मुंबईच्या क्रांती साळवी नऊवारी नेसून पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावल्या. त्यांना ३ तास ५७ मिनिटे ७ सेकंद लागले. साडी नेसून सर्वांत वेगाने मॅरेथॉन धावणारी महिला म्हणून गिनीज विक्रमांत त्यांची नोंद झाली. पन्नाशीच्या आसपासची ही मराठी महिला होती.

वेळेचे गणित केले तर त्या दर किलोमीटरला साधारण ५ मिनिटे ३७ सेकंद या गतीने धावल्या. आपल्या नववीतील मुलांनी मैदानावर एकच किलोमीटर या गतीने धावून पाहावा, म्हणजे ४२ किलोमीटर काय असतात ते समजेल. विशेष म्हणजे जगज्जेता आणि हौशी धावपटू एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी धावतात. क्रिकेटच्या कसोटी सामन्यात प्रेक्षकाला फलंदाजी करता येत नाही. धावण्यात मात्र शेवटच्या धावपटूलाही तीच रेषा ओलांडायला मिळते.

महिलांसाठी ही रेषा सहज खुली झाली नाही, हेही मुलींनी लक्षात ठेवावे. लांब अंतर बायकांना झेपणार नाही असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्विट्झर क्रमांक लावून धावू लागली तेव्हा एका पदाधिकाऱ्याने तिला रस्त्यातच ओढून थांबवण्याचा प्रयत्न केला. तरी तिने शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट १९८४ साली. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोन यांनी चार सुवर्णपदके मिळवली. त्या तीस वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. स्पर्धेपूर्वी त्यांच्या वयाबद्दल आणि घर सोडून धावण्याबद्दल टीका झाली होती. चार पदकांनंतर टीकाकारांपाशी बोलायला फारसे उरले नाही.

६. हे परदेशी खूळ नव्हे

काही ज्येष्ठ मंडळींना वाटते, की बूट घालून सकाळी धावणे हे शहरी किंवा परदेशी खूळ आहे. किनाऱ्यावर परदेशी पाहुणे धावताना दिसतात, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले होते. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे नेहमीपेक्षाही लांब होता. सुमारे २ तास ५१ मिनिटांत तो पूर्ण करून ते १९वे आले. भारतातून ऑलिंपिकला चमू पाठवण्याची ती सुरुवात होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले पाहून दोराबजी टाटा यांनी त्या कामी पुढाकार घेतला होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जगाच्या स्पर्धेत जाणारा आपला धावपटू घाटावरच्या साध्या मातीतून आलेला होता. वारीला शेकडो वर्षे पायी जाणाऱ्या समाजाला लांब अंतराचे भय वाटण्याचे कारण नाही.

आज मुंबईत २००४ पासून मोठी मॅरेथॉन भरते. गोव्यातही वास्कोजवळ चिखली परिसरात गोवा रिव्हर मॅरेथॉन होते. पण धावण्यासाठी स्पर्धेत नाव घालणे आवश्यक नाही. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण एकत्र येऊन ५ किलोमीटर धावले. प्रवेशमूल्य नाही, बक्षीस नाही. त्यातून 'पार्करन' ही चळवळ सुरू झाली आणि अनेक देशांत पसरली. तेरा माणसे तर आपल्या एका वाड्यावरही सहज जमतील.

७. घरातला खरा हिशेब

आता मुख्य अडचणीकडे येऊ. "धावायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न खोटा नाही, विशेषतः आईच्या तोंडी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. यात मुलांची आणि वृद्धांची देखभाल धरलेली नाही.

आपल्या भागातील सकाळ डोळ्यांसमोर आणा. पाचला आई उठते. पाणी भरणे, चहा, देवपूजेची तयारी, पोदेराच्या भोंग्याबरोबर पाव घेणे, डबे, गणवेश, वेणी, हरवलेला मोजा, शाळेची बस. साडेसातनंतर ती क्षणभर टेकते, तोच भाजी-मासळीचा विचार सुरू होतो. या घरात बाबांना सकाळी धावायला जाता येते, कारण आई घरात असते. आई गेली तर डबा कोण भरणार?

म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढील आहे. आईची धाव ही आईची एकटीची जबाबदारी नसून घरातील इतरांची आहे. आठवड्यातून तीन सकाळी अर्धा तास म्हणजे एकूण ९० मिनिटे. ती घरातल्यांनी वाटून घ्यायची आहेत. पाचवीच्या पुढील मुलाने आपला डबा स्वतः भरावा, बाटली भरावी, गणवेश रात्रीच काढून ठेवावा. बाबांनी त्या तीन दिवशी चहा आणि धाकट्याची तयारी करावी. सासूबाईंनी "सून सकाळी कुठे निघाली?" असे विचारणाऱ्या शेजारणीला हसून उत्तर द्यावे. एवढे झाले तर आई धावेल. तिला फक्त बूट आणून दिले आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर बूट कपाटात राहतील.

बाबांसाठीही एक शब्द. पर्यटनाच्या हंगामात आपल्याकडील अनेक पालक रात्री उशिरापर्यंत काम करतात. त्यांनी पहाटे उठण्याचा अट्टहास करू नये. झोप मोडून केलेला व्यायाम टिकत नाही. त्यांनी संध्याकाळी, कामावर जाण्याआधीची वेळ ठरवावी. तसेच दशावतारी नाटकाची रात्र जागवल्यावर दुसऱ्या सकाळी विश्रांती घ्यावी. एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. सलग तीन आठवडे चुकले तर मात्र पुन्हा सुरुवातीपासून आरंभ करावा.

८. सुरुवात कशी करावी

१९९६ साली अमेरिकेत जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या पन्नाशीतील आईला धावायला शिकवण्यासाठी एक सोपा कार्यक्रम तयार केला. थोडे धावायचे, थोडे चालायचे, आणि आठवड्यागणिक धावण्याचा भाग वाढवत नऊ आठवड्यांत ५ किलोमीटरपर्यंत जायचे. मुलाने आईसाठी केलेला हा कार्यक्रम पुढे जगभर लाखो लोकांनी वापरला. त्याच तत्त्वावर, पण आपल्या उकाड्याचा विचार करून अधिक सावकाश असा दहा आठवड्यांचा क्रम खाली देत आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. प्रत्येक वेळी आधी ५ मिनिटे आणि शेवटी ५ मिनिटे चालावे.

आठवडा १ व २ : १ मिनिट धाव, २ मिनिटे चाल, असे ६ वेळा.
आठवडा ३ व ४ : २ मिनिटे धाव, २ मिनिटे चाल, असे ५ वेळा.
आठवडा ५ व ६ : ३ मिनिटे धाव, १ मिनिट चाल, असे ५ वेळा.
आठवडा ७ व ८ : ५ मिनिटे धाव, २ मिनिटे चाल, असे ३ वेळा.
आठवडा ९ व १० : १० मिनिटे धाव, २ मिनिटे चाल, पुन्हा १० मिनिटे धाव.

गती किती असावी? घड्याळ पाहू नका. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर गती जास्त आहे. गाणे म्हणता येत असेल तर थोडी वाढवायला हरकत नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी शाळेतील शंभर मीटरची शर्यत आठवून सुटणे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. पण गुडघे, घोटे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. म्हणून दम टिकतो आहे असे वाटले तरी एखादा आठवडा वगळून पुढे उडी मारू नये.

९. मांद्र्याचा किनारा आणि रस्ता

आपल्याला लाभलेला किनारा हे धावण्याचे सुंदर ठिकाण आहे, पण त्याचे काही नियम आहेत. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि ढकलण्याची बरीच शक्ती वाळू हलवण्यातच जाते. प्रयोगांत असे दिसले आहे की अशा वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट शक्ती लागते. म्हणून नवशिक्यांनी ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली, घट्ट पट्टी वापरावी. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावल्यास एका पायावर ताण येतो. जितके जाल तितकेच त्याच वाटेने परत या, म्हणजे दोन्ही पायांना समान काम मिळेल.

ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे ठरलेल्या वेळी किनारा रोज सारखा मिळणार नाही. मासेमारी करणाऱ्या घरातील मुलांना हे पंचांग पाठ असते. इतरांनी त्यांच्याकडून शिकावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यावर धावू नये. हिवाळ्यात मोरजी-मांद्रे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर राहावे आणि अंधारात तेथे प्रखर विजेरी मारू नये. फुटक्या बाटल्यांच्या काचांमुळे अनवाणी धावणेही टाळावे.

रस्त्यावर धावताना उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. डिसेंबर-जानेवारीत सहा वाजताही अंधार असतो, म्हणून फिकट रंगाचे कपडे घालावेत. कुत्री अंगावर आली तर धावणे थांबवून शांतपणे चालावे. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधीच घरी परतावे. आपल्याकडे हवेत दमटपणा फार. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे थंड प्रदेशातील गती येथे अपेक्षू नये. परतल्यावर पाणी, लिंबू-मीठ घातलेले सरबत किंवा मीठ घातलेली पेज पुरेशी आहे. महागड्या बाटल्यांची गरज नाही.

आणि एक इशारा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच चाळिशीनंतर प्रथमच सुरुवात करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम कमी होऊ शकते. त्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात. छातीत दुखणे, चक्कर, विलक्षण धाप यांपैकी काही जाणवले तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी "थोडे सहन करू" हा बाणा नको.

१०. विश्वस्त मंडळास विनंती

आपल्या वार्षिक क्रीडा महोत्सवात मुलांसाठी धावण्याच्या शर्यती असतात. पालकांसाठी काय असते? आईंसाठी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा, बाबांसाठी दोरीखेच. बाकी वेळ पालक मंडपात खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात. हे खेळ गमतीचे आहेत आणि ते राहावेत. पण त्यांच्या जोडीला पुढील तीन गोष्टी कराव्यात, अशी मुख्याध्यापक या नात्याने माझी विनंती आहे.

पहिली, शाळेच्या मैदानाचे फाटक आठवड्यातून तीन सकाळी पालकांसाठी उघडे ठेवावे. अनेक महिलांना रस्त्यावर धावण्याचा संकोच वाटतो. शाळेच्या मैदानात तो वाटणार नाही. दुसरी, मैदानाची फेरी मोजून कडेला अंतराचे लहान दगड रोवावेत. ते काम गणिताच्या तासाला विद्यार्थी करतील आणि माथा कोणत्या रंगाचा हेही तेच ठरवतील. तिसरी, क्रीडा महोत्सवात पालक आणि पाल्य यांनी मिळून करायची ३ किलोमीटरची धाव-चाल ठेवावी. तिच्यात पहिला-दुसरा क्रमांक नसावा. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचे नाव फलकावर लागावे. या तिन्ही गोष्टींना फार खर्च नाही. एका चुन्याच्या पोत्याचा आणि थोड्या दगडांचा एवढाच.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रगतिपुस्तकावर आई-बाबा सही करतात. या वर्षी त्यांच्यासाठी तुम्ही एक वही करा. तारीख, किती मिनिटे धावले, कसे वाटले, एवढे तीन रकाने पुरेत. आठवड्याच्या शेवटी त्यावर सही तुम्ही करायची. कमी झाले म्हणून रागवायचे नाही. तुम्ही पहिले पाऊल टाकले तेव्हा पडलात, त्या वेळी कोणी रागावले नव्हते.

स्वाध्याय

१. मैदानाची एक फेरी २०० मीटरची असेल, तर ३ किलोमीटरसाठी किती फेऱ्या होतील? पूर्ण मॅरेथॉनसाठी किती?

२. चौगुले ४२.७५ किलोमीटर सुमारे २ तास ५१ मिनिटांत धावले. एका किलोमीटरला त्यांना साधारण किती वेळ लागला? साळवी यांच्या गतीशी तुलना करा.

३. रविवारी ओहोटी सकाळी ५.३० ला असेल, तर बुधवारी ती साधारण किती वाजता असेल? त्या दिवशी सकाळी साडेपाचला धावणाऱ्याने किनारा निवडावा की मैदान? कारण लिहा.

४. 'धाव', 'पळ' आणि 'दौड' या शब्दांपासून तयार झालेले प्रत्येकी दोन शब्द किंवा वाक्प्रचार लिहा आणि वाक्यांत उपयोग करा.

५. घरी एका सकाळी पाच ते आठ या वेळेत कोण कोणते काम किती मिनिटे करते, याची नोंद करा. त्यातील कोणती ३० मिनिटे तुम्ही स्वतः उचलू शकता? हे उत्तर वहीत लिहून पुरणार नाही; ते घरी करून दाखवायचे आहे.

– मुख्याध्यापक